सासऱ्यासमोरचा फोटो

बसा. पंखा हळूच फिरतो, तेवढं चालवून घ्या. प्रकाशा गावच्या एसटी स्टँडजवळ फोटो स्टुडिओ चालवून मी आता कंटाळलोय. हल्ली गिऱ्हाईक येतं ते गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करायला.

कामिनीही त्याच कामाला आली. तिची आई रेवाबाई वारली होती. तापीकाठच्या गुजर घरातली सून. सासऱ्यापुढे कायम लाज काढायची, म्हणजे पदर पार हनुवटीपर्यंत. सरपंच झाली तरी तेच. सत्काराचे, झेंडावंदनाचे सगळे फोटो पाहिले, सगळीकडे पदरालाच हार घातलेला.

"काका, एकदा तरी आईनं तोंड त्या घरमा उघडं दखावाले पाहिजे," कामिनी म्हणाली.

आधार कार्डावरून चेहरा काढला. डोक्यावर पदर, खाली दमलेला पण गोड चेहरा. कामिनीने तो बैठकीत लावला, आजोबांच्या, म्हणजे रेवाबाईंच्या सासऱ्याच्या, चुनीलालबापांच्या फोटोसमोर. बापा जाऊन वर्षं झाली होती, पण त्या घरच्या सुना अजूनही त्या फोटोखालून जाताना पदर ओढतात.

चार दिवसांनी ती फ्रेम घेऊन परत आली. "काका, पदर खाले वना."

खरंच, फोटोत पदर हनुवटीपर्यंत आला होता. मी चिडलो, प्रिंटरला शिव्या घातल्या, नवा काढून दिला. त्याचंही तेच झालं. बापांचा फोटो माळ्यावर टाकला, तरी तेच. दुकानात मात्र चेहरा उघडा राहायचा.

"मग राहू दे इथंच," मी म्हणालो. अंगात त्राण नव्हतं वाद घालायला.

"गावनी सरपंच, नि तोंड दखाडाले दुकानमा," ती म्हणाली. मला वाईट वाटलं.

काल दुपारी ती आपल्या लहान लेकीला घेऊन आली. पोर आजीचा फोटो बघत होती. माझी बायको रंजना फ्रेमा पुसत होती. तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. घरात शिरण्याआधी म्हातारी माणसं खाकरतात ना, सुनांनी पदर घ्यावा म्हणून, तसं. दारात कोणी नव्हतं. तंबाखूचा वास मात्र आला... रंजनाचा हात आपसूक डोक्याकडे गेला. माझे वडील गेल्यापासून तिने पदर घेतला नव्हता. फोटोत पदराची कड भुवयांवर उतरली होती.

कामिनी उठली. चौकटीला दोन्ही हात लावून दारात उभी राहिली.

"बापा, हाई तुमनं घर नही. मन्ही पोर तिन्ही आजीले देखी ऱ्हायनी. आईले सोडा... काय सांगानं ते माले सांगा."

कड तिथंच थांबली. पोरीने आजीला पोटभर पाहिलं. मग दोघी माहेरच्या त्याच घरी गेल्या.

आज सकाळी मी फोन केला. आवाज कापडाआडून यावा तसा आला.

"काका, हळू बोला... बापा समोर बसेल शेतस."

बापा, समोर बसलेले! आणि माहेरी लेकीला लाज काढायची नसते हो. कधीच नसते. मी काहीतरी बोलायच्या आत तिकडे कुणीतरी खाकरलं आणि फोन बंद झाला.

आता हा फोटो बघा. कार्डावर रेवाबाईंच्या डोक्यावर पदर होता, मी तो तसाच ठेवला होता. आज तो खांद्यावर आहे.