भिंतीपलीकडचं कण्हणं

खोटं वाटलं तर सोडून द्या. पण माझे काका थापा मारणाऱ्यांतले नाहीत. आणि हे घडलं ते भर दुपारी, लख्ख उजेडात.

काका लिफ्ट दुरुस्त करायचे. एकदा काम करताना दोन मजले खाली कोसळले. मोठं ऑपरेशन झालं. मांडीच्या हाडात सळई, गुडघ्याला प्लेट, वर नऊ स्क्रू. बाराव्या दिवशी घरी आणलं.

"एवढं लोखंड घातलंय," ते म्हणायचे, "भंगारवाल्याच्या नजरेस पडलो तर उचलून तराजूत घालेल मला."

दुपारी मात्र थट्टा सुचायची नाही.

काकू पोस्टात नोकरीला. सकाळी जेवण झाकून जायची, सहाला परत. दुखण्याची एक गोळी बाराला, दुसरी सहाला. मधे एकही नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं. तीननंतर गोळीचा जोर ओसरायचा. चारला जीव नकोसा व्हायचा. काका उशी दातांत धरायचे. छताचे पोपडे मोजायचे.

तो गुरुवार होता. चारला पाच कमी. काकांनी उशी ओढली…

आणि दुखणं थांबलं.

कमी नाही झालं. थांबलं. फुंकर मारून दिवा विझवावा तसं.

त्यांनी बोटं हलवून पाहिली. हलली. पाय बधिर नव्हता, नुसता दुखत नव्हता. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात…

उशाशी असलेल्या भिंतीपलीकडून कोणीतरी कण्हलं.

दातांवर दात दाबून. बाई की पुरुष, कळेना.

साडेचारला आवाज थांबला. त्याच क्षणी काकांच्या पायात कळ उठली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

"शेजारी कोण राहायला आलंय गं?" त्यांनी काकूला विचारलं.

"शेजारी? वर्ष झालं, कुलूप आहे तिथं."

"मग दुपारी कण्हतं कोण?"

"तुम्हीच कण्हत असाल झोपेत, दुसरं कोण!"

तरी तिने घरमालकाकडून किल्ली मागून आणली. जाऊन पाहून आली ती पदराने हात पुसत.

"काही नाही हो. नुसती धूळ. पावलाचा ठसासुद्धा नाही. फक्त…"

"फक्त काय?"

"आपल्या बाजूची भिंत. हात लावला तर गरम लागली. तापलेल्या अंगासारखी."

कोणीही घाबरलं असतं. काकाही घाबरले. पण खरं सांगायचं तर ते चारची वाट पाहू लागले. पलीकडे कोणीतरी तळमळतंय, आणि इकडे हे आरामात पेपर वाचतायत. याची त्यांना आजही लाज वाटते.

पण अर्ध्या तासाचा तास झाला. तासाचे दोन.

एका सोमवारी तर बारालाच सुरू झालं. काकांनी गोळी घेतलीच नाही. गरजच नव्हती. पलीकडचं कण्हणं आता रडण्यासारखं झालं होतं.

मग पहिल्यांदाच… शब्द आला.

"पुरे हो…"

काकांच्या हातून पेपर गळून पडला.

ते वॉकर ओढत भिंतीपाशी गेले. हात टेकवला. भिंत चटका बसावा इतकी तापली होती.

"कोण आहेस, मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण हे दुखणं माझं आहे. माझं मला परत दे."

पलीकडे शांतता.

आणि मग अशी कळ आली की काका जागच्या जागी कोसळले. काकूला ते भिंतीपाशी पडलेले सापडले. ओठ दातांखाली फाटला होता.

पुढचे चार महिने त्यांनी आपलं दुखणं आपणच काढलं. ओरडले, रडले, काकूवर चिडले, तिची माफी मागितली. हळूहळू काठी घेऊन चालू लागले. भिंत पुन्हा कधी बोलली नाही.

तरीही त्यांनी घर बदललं. आता तिसऱ्या मजल्यावर राहतात. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे घर नाही, खोली नाही. उघडं आकाश आहे.

गेल्या महिन्यात काकूच्या मनगटावर उकळतं पाणी सांडलं. काका लंगडत धावले. कातडी लालबुंद, फोड वर येत होते. आणि काकू आपल्याच हाताकडे चकित होऊन बघत होती.

"अहो… दुखतच नाहीये."

काकांनी नळ पूर्ण सोडला. "हात पाण्याखाली धर," एवढंच म्हणाले.

पाण्याच्या आवाजात काकूला काही ऐकू आलं नाही.

काकांना आलं.

त्यांनी हे मला सांगितलं तेव्हा काकू घरात नव्हती. बोलताना दोनदा त्यांनी स्वयंपाकघराच्या त्या भिंतीकडे वळून पाहिलं.

"मग या वेळी का नाही म्हणालात, परत दे म्हणून?" मी विचारलं.



"माझं असतं तर म्हटलं असतं रे," ते म्हणाले. "तिचं होतं."