खुशीच्या सगळ्या टेस्ट लाल

पुण्यातल्या साहेबांनो, गुन्हा तुमचाच. एसीत बसून कंपायलर बदलता, आणि निस्तरायचं ज्यांना, त्यांना साधं विचारत नाही. 'संध्याकाळपर्यंत टेस्ट पास करा, नाहीतर यवतमाळचं ऑफिस बंद' – एवढी ओळ पाठवली की तुम्ही मोकळे.

ती ओळ आली तेव्हा कळंबची खुशी यवतमाळच्या त्या ऑफिसात टेस्ट चालवत बसली होती. वेबसाइटची सजावट ज्या फाइलींत लिहितात, त्या ब्राउझरला कळतील अशा करून देतो तो कंपायलर. तो बदलला, नि तिच्या आपोआप चालणाऱ्या टेस्ट झाडून साऱ्या लाल, म्हणजे नापास.

तेवढ्यात दार ढकलून एक तरुण आला. केसांतून पावसाचं पाणी निथळत होतं, लॅपटॉप मात्र छातीशी कोरडा.

"मी कंपनीचाच आहे, पुण्याचा. सुट्टीत गावी आलो, घरूनच काम करून राह्यलो, अन् आमच्या तांड्यावरचं नेट गेलं. इथं बसू?"

"बसा. पण बोलू नका. कोण्या शहाण्यानं कंपायलर बदलला, त्याले शिव्या देऊन राह्यली मी."

तो बसला, खाकरला. "मंग... तोंडावरच द्या. मीच तो. जीवन राठोड. हुकूम वरचा, हात माझा."

खुशीनं वर पाहिलं. डोळे फारच सरळ होते मेल्याचे... शिवीऐवजी तिनं शेजारची खुर्ची पुढं केली.

"नव्या कंपायलरचा निकालच बरोबर मानून घेऊ," तो म्हणाला. "एका कमांडमध्ये सगळं हिरवं."

"डोळे झाकून? मंग टेस्ट कायले लिहिल्या मी?"

जुन्या कंपायलरचा निकाल, नव्याचा निकाल – दोघं शेजारी बसून ताडून पाहू लागले. बहुतेक ठिकाणी नुसत्या रिकाम्या ओळी नि कंस सरकले होते. पान होतं तसंच दिसत होतं. तो 'पास' म्हणे, ती 'थांबा' म्हणे. तिची वेणी त्याच्या खांद्याला लागली... कोणीच सरकलं नाही.

आणि तिनं पकडलंच. तिरकी रेघ म्हणजे भागाकार, हे जुन्या कंपायलरला कळायचं. नव्यानं ती नुसती रेघ मानली, रुंदीचं गणित सुटलंच नाही, आणि 'ऑर्डर करा'चं बटण चुरमडून बसलं.

"पाहा. हेच गिऱ्हाइकापर्यंत गेलं असतं."

"तू भारीच हाय..."

"तू? आत्तापर्यंत तं मी 'तुम्ही' होती."

जीवन कानापर्यंत लाल झाला.

दोघांनी ते बटण सुधारलं, टेस्ट हिरव्या झाल्या, मेल गेला. उत्तर आलं – टेस्टिंग यवतमाळलाच राहील. खुशीनं श्वास सोडला. जीवन तर तिच्याहून खूश.

"मी बदली मागतो इथं."

"काहून?"

"चहा... चांगला आहे इथला."

"चहासाठी कोणी पुणं सोडते का गा? माझ्यासाठी येतं का?"

तो खिडकीबाहेर पाहू लागला.

"खिडकीत काय पाह्यतं? मी इकडं आहे. हो का नाई, सांग."