मागच्या भिंतीचा पडदा

बसा जवळ. हा एक दिवा राहू दे. टोर्गाइरला मी वीस वर्षं ओळखतो आणि तो थापा मारणारा नाही, म्हणून सांगतो.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. आपल्या या सभागृहात आवाज फार घुमतो. समूहगानाला ते छान, पण ड्रम-गिटारवाल्यांचा नुसता गोंगाट होतो. म्हणून भिंतींवर खालीवर होणारे जाड लोकरी पडदे बसवले. घुमणं किती कमी झालं ते मोजायचं काम टोर्गाइरकडे. रीत तुम्हाला ठाऊकच आहे. शेवटची ट्राम गेली की मंचावरून मागच्या भिंतीकडे पिस्तुलाचा बार काढायचा. पिस्तूल शर्यत सुरू करायला वाजवतात तसलं, नळी बुजवलेली, गोळी सुटणं शक्यच नाही. सोबतीला त्यानं धाकट्या भावाला, आइविनला घेतलं होतं. आइविनच्या बायकोला आठवा महिना, आणि याची नोकरी गेलेली. दोघांनी पाव आणि तपकिरी चीज खाल्लं, कॉफी घेतली आणि कामाला लागले.

पडदे वर असताना पहिला बार काढला. आवाज घुमला, विरला. सगळं ठीक.

मग पडदे सोडले. पुन्हा बार. या वेळी आवाज जागच्या जागी मेला... आणि त्यामागून श्वास ऐकू आले. बरीच माणसं धाप दाबून उभी असावीत तसे. इतकी वर्षं ते त्या घुमण्याखाली झाकले गेले असतील, असं टोर्गाइर आता म्हणतो. तेव्हा त्यानं फक्त मागच्या पडद्याला आलेला माणसाएवढा फुगवटा पाहिला.

“आइविन, पोरकटपणा पुरे. बाप होणारेस आता. बाहेर ये.”

“मी इथंय,” आइविन म्हणाला. टोर्गाइरच्या पाठीमागून.



फुगवटे पाच झाले. एका ओळीत.

महायुद्धात, इथं जर्मनांचा ताबा होता तेव्हा, त्या भिंतीशी पाच जणांना उभं केलं होतं. गोळ्या रस्त्यावर ऐकू जाऊ नयेत म्हणून वाद्यवृंदाला जोरात वाजवायला लावलं होतं. आपले आजोबा हे सांगायचे, तेही कुजबुजत.

आइविन हट्टी. हवा शिरली असेल म्हणाला, हसलासुद्धा, आणि जाऊन पडद्याची कड उचलली. आतून हात आला. मनगट धरलं. हाड मोडलेलं मंचावर ऐकू आलं. आइविन किंचाळला, बूट जमिनीवर खरडत राहिले... आणि तो आत गेला.

फुगवटे सहा.

टोर्गाइरला धावता येईना. त्याचा पिस्तुलाचा हात आपोआप वर आला. दुसऱ्या हातानं त्यानं तो खाली ओढला. मनगटाला चावला. रक्त आलं. तरी बोट वळत गेलं.

“टोर्गाइर... नको...” पडद्याआडून आइविनचा आवाज आला.

बार.

एक फुगवटा खाली घसरला. बाकीचे पाच सावकाश सपाट झाले.

पडदा वर घेतला तेव्हा आइविन भिंतीला टेकून बसला होता. छातीत भोक, पाठीतून आरपार, तोंडात रक्ताचा फेस. टोर्गाइरनं भोकावर तळवा दाबून धरला. आइविन त्याच्याकडे बघत होता, हे तूच केलंस का, असं... मग नुसतेच डोळे उघडे राहिले.

पोलिसांनी पिस्तूल खोललं. नळी बुजलेलीच होती. आइविनला मुलगी झाली. टोर्गाइरनं तिला अजून पाहिलेलं नाही, त्याची छातीच होत नाही.

भिंतीतलं भोक गवंड्यानं बुजवलं. पडदा मात्र तोच आहे, तुमच्या मागं लटकलाय. बार झाला तेव्हा आइविन त्याच्याआड होता. मी तो उजेडाला धरून, हातांनी चाचपून पाहिलाय.

त्याला भोक नाही.