दोनशे पंधरावं नाव

फिल्मच्या शेवटी सगळ्या कामगारांची नावं पडद्यावर खालून वर सरकत जावीत, ही कल्पना माझी. प्राजक्ता म्हणाली होती, "फरहीन, उगाच काम वाढवतेस." पिंपळे सौदागरला एका दवाखान्याच्या वर आम्हा दोघींचा एका खोलीचा स्टुडिओ आहे. कॅमेरा तिच्याकडे, एडिटिंग माझ्याकडे. माझे अब्बा तीस वर्षं भोसरीत लेथवर उभे राहिले आणि त्यांचं नाव हजेरीपुस्तकाबाहेर कुठे छापलं गेलं नाही. म्हणून मी हट्ट धरला.

काम चाकणच्या एका कंपनीचं होतं. तिथे प्रेस मशीनवर पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढतात. पंचविसावा वर्धापनदिन, बारा मिनिटांची फिल्म. एचआरच्या जयदीप सरांनी विभागवार यादी पाठवली, दोनशे चौदा नावांची. मी ती सॉफ्टवेअरमध्ये एका लांबलचक टेक्स्ट बॉक्समध्ये ओतली, नावं वर सरकवणारा रोलचा पर्याय निवडला आणि वेळ दिली दोन मिनिटं चाळीस सेकंद. त्याहून कमी दिली की नावं पळतात, कुणालाच स्वतःचं नाव वाचता येत नाही.

मग नेहमीप्रमाणे जोडाक्षरं फुटली. 'प्रल्हाद' विस्कटला, 'ज्ञानेश्वर' ओळखू येईना. अर्धी सकाळ मी एकेक नाव हाताने जुळवत बसले. प्रेस शॉप या विभागाच्या नावांत एकच जोडाक्षर आपोआप नीट आलं होतं. ज्योतीराम बाबू शेळके. बरं वाटलं, तेवढंच एक काम वाचलं. संध्याकाळी कच्ची फिल्म जयदीप सरांना बघायला पाठवली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास जयदीप सरांचा फोन आला.

"मॅडम, प्रेस शॉपमधलं ते शेळके नाव तुम्हाला कुणी दिलं?"

"तुमच्याच यादीत आहे सर."

"नाही आहे. युनियनचं कुणी भेटलं का तुम्हाला? स्पष्ट सांगा."

माझी कानशिलं तापली. मी म्हटलं, "सर, मी नावं तयार करत नाही. आलेली लावते." फोन ठेवून यादी उघडली. दोनशे चौदा. शेळके नव्हता. टेक्स्ट बॉक्स उघडला. त्यातही दोनशे चौदाच ओळी. रोल चालवला आणि बोट ठेवून मोजलं. पडद्यावर दोनशे पंधरा नावं वर गेली.

जुनं काहीतरी मेमरीत अडकलं असेल म्हणून मी सगळ्या तात्पुरत्या फायली पुसल्या, नवीन प्रोजेक्ट उघडलं आणि प्रेस शॉपची सगळी नावं स्वतः टाइप केली. रोल चालवला. ज्योतीराम होताच. या वेळी त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'प्रेस नंबर सात'.

हे तिनेच घुसडलं असणार असं वाटून मी प्राजक्तावर चिडले. फार वाईट बोलले.  तिने आपला लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. त्यात वेगळं सॉफ्टवेअर होतं, माझी एकही फाइल नव्हती. तिने माझ्यादेखत यादी टाकली. आम्ही दोघींनी रोल बघितला.

'ज्योतीराम बाबू शेळके. प्रेस नंबर सात. नऊ मार्च, दुपारी दोन दहा.'

"मी केलं नाही हे," प्राजक्ता हळूच म्हणाली. बाहेर भर दुपार होती, खाली दवाखान्यात कंपाउंडर नंबर पुकारत होता. तिने उठून खिडकी लावून घेतली.

फिल्ममध्ये आम्ही एका जुन्या फोर्कलिफ्टवाल्याची मुलाखत घेतली होती, मीरासाहेबांची. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. फोनवर मी फक्त नाव घेतलं. ते म्हणाले, "चिखलीत ये बेटी. फोनवर नको."

चिखलीत वर्कशॉपांच्या मागच्या गल्लीत, एका पत्र्याच्या खोलीपुढे ते मला घेऊन गेले. दारात पासष्टीच्या कौशल्याबाई बसल्या होत्या. ज्योतीरामची आई. बीडकडून पोरामागे इथे आलेल्या.

"दोन वर्सं झाली ताई," त्या म्हणाल्या. "कंपनीवाले म्हनले, तो त्या दिवशी कामाला आलाच नव्हता. रस्त्यावर ट्रकनं उडवला म्हनले. मी सोता डबा भरून दिला होता त्याला. कामाला गेला नाही तर डबा कुठं गेला? कुनी सांगंना."

गेटवरच्या रजिस्टरात त्या दिवसाचं पान नव्हतं. कंत्राटदार बदलला होता. पोलीस, कामगार ऑफिस, सगळीकडे त्या जाऊन आल्या होत्या आणि सगळ्यांनी एकच विचारलं होतं, तो तिथे होता याला पुरावा काय?

परतताना मीरासाहेब रस्त्याच्या कडेला थांबले. "सात नंबरचा सेन्सर, माणूस मधे आला की मशीन थांबवणारा, बंद करून ठेवला होता. माल लवकर निघावा म्हणून. माझ्याच गाडीवर त्याला मागच्या गेटनं बाहेर नेला. सायबांनी सांगितलं, हायवेच्या बाजूला ठेव, ॲम्ब्युलन्स येतीय."

"चाचा, तेव्हा तो..."

"गेलेलाच होता," ते घाईने म्हणाले. "काही उरलं न्हवतं."

मला त्यांचा राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःचाही आला. पण खरा संताप त्या शब्दांचा होता. आलाच नव्हता. चोवीस वर्षांचा माणूस डबा घेऊन घरातून निघतो, आणि एक पान फाडलं की तो आलेलाच नसतो.

घरी पोचायच्या आत जयदीप सरांचा मेसेज आला. 'रोल पूर्ण काढून टाका. शेवटी फक्त धन्यवाद ठेवा.'

मी रोल काढला नाही. ज्योतीरामच्या ओळीसकट फिल्म एक्सपोर्ट केली आणि कुणाला आधी बघायला वेळ मिळू नये म्हणून कार्यक्रमाच्या सकाळीच नेऊन दिली. फार तर पुढचं काम मिळणार नाही, एवढाच हिशेब केला.

कार्यक्रम शनिवारी सकाळी कंपनीच्या कँटीनमध्ये होता. खिडक्यांना काळे कागद लावले होते. पुढच्या खुर्च्यांवर साहेब लोक, मागे बाकांवर कामगार. फिल्म संपली. टाळ्या झाल्या. मग नावं सुरू झाली तसे जयदीप सर वळले आणि माझ्याकडे बघत राहिले.

लोक आपलं नाव आलं की हसत होते, एकमेकांना कोपरानं ढोसत होते.

प्रेस शॉप आलं.

ज्योतीराम बाबू शेळके. प्रेस नंबर सात. नऊ मार्च, दुपारी दोन दहा.

हसू थांबलं.

ओळ मध्यावर आली आणि तिथेच थांबली. आधीची नावं वर निघून गेली, नंतरची तिच्याआडून सरकत राहिली. जयदीप सर लॅपटॉपकडे धावले. त्यांनी वायर उपटली. ओळ गेली नाही.

तिच्याखाली आणखी दोन शब्द उमटले. ते मी लिहिले नव्हते. ते माझ्या फाइलमध्ये नव्हते, कुणाच्याच नव्हते.

'जिवंत होतो.'

मागच्या बाकावर मीरासाहेब उभे राहिले. 

"कण्हत होता," ते म्हणाले. "पाणी मागत होता. मी गाडी बंद केली न्हाई, म्हणजे ऐकू येऊ नये."

कुणी हललं नाही. मग प्रेस शॉपमधला एक जण उठला. मग दुसरा. थोड्या वेळाने सगळे बाक रिकामे होते आणि सगळे उभे होते.

त्याच दुपारी मीरासाहेबांनी पोलीस चौकीत जबाब दिला. त्यांच्यासोबत अकरा जणांनी दिला. सात नंबरच्या प्रेसला सील लागलं. कौशल्याबाईंना मी फोन केला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "पानी दिलं का कुनी त्याला?" 

आठवड्याने तपास अधिकाऱ्यांनी फिल्मची मूळ प्रत मागितली. बुधवारी दुपारी मी स्टुडिओत एकटी होते. कॉपी करण्याआधी रोल एकदा चालवून पाहिला. प्रेस शॉप आलं आणि गेलं. ज्योतीराम नव्हता. दोनशे चौदा नावं, एक कमी नाही, एक जास्त नाही. मला रडू आलं, कशाचं ते कळलं नाही.

मी डोळे पुसत होते तेवढ्यात लक्षात आलं की टाइमलाइन संपलेली नाही. रोलची दोन मिनिटं चाळीस सेकंद होऊन गेली होती. काळा पडदा चालू होता.

तळातून एक ओळ वर आली. सावकाश, कुणालाही वाचता येईल अशी.

'दिव्या हनुमंत गायके. प्रेस नंबर अकरा.' त्यापुढे आजची तारीख. वेळ लिहिलेली नव्हती.

मी कंपनीच्या गेटवर फोन लावला. सिक्युरिटीवाल्याने नाव दोनदा विचारून घेतलं.

"अशी कुणी नाही इथं मॅडम."

"नीट बघा."

पानं उलटल्याचा आवाज आला. "थांबा. ट्रेनी हाय वाटतं. आजच रुजू झालीय. आत्ताच आत गेली."

"अकरा नंबरचं मशीन बंद करायला सांगा. आत्ता, लगेच."

"तुमी कोण पण?"

"दादा, पळा. नंतर विचारा."

त्याने रिसीव्हर टेबलावर ठेवला. त्याच्या बुटांचा आवाज लांब जात ऐकू येईनासा झाला. मग फोनमधून आत चाललेल्या प्रेसचे ठोके ऐकू येऊ लागले, एका लयीत. मी ते मोजत राहिले.

एकोणचाळीसनंतर ते थांबले. पडद्यावर दिव्याच्या नावापुढे वेळ उमटली नाही.