चौथ्या खोलीतली हवा

समुद्रतळावरच्या 'शिंपला' संशोधन केंद्रात एक कोडे पडले होते. केंद्राची चौथी खोली चौदा महिने घट्ट बंद होती. तरीही आतल्या हवेचा दाब शंभर टक्क्यांवरून एकोणऐंशीवर आला होता.

"दाब कमी झालो म्हणजे खयतरी गळती आसा," दुरुस्ती पाहणारे धोंडू गावडे म्हणाले. त्यांनी दारावरची झडप उघडली. बाहेरच्या बोळातली हवा सुसाट आत शिरली आणि काटा पुन्हा शंभरवर गेला. ते दाराचे चाक फिरवू लागले.

अकरा वर्षांची शाल्मली सुट्टीत आत्याकडे, म्हणजे केंद्रातल्या रसायनतज्ज्ञ वसुधा तांडेल यांच्याकडे आली होती. ती पडद्यावरच्या जुन्या नोंदी वाचत होती.

"आत्या, गळती असती तर समुद्राचं पाणी आत आलं असतं ना? समुद्रात दाब जास्त आहे. आणि हे बघ, दोन महिन्यांपासून आकडा एकोणऐंशीवरच थांबला होता. भोक आपोआप बुजलं का?"

आत्याने आकडा पाहिला आणि ती ताडकन उठली.

"गावडे, थांबा! आत पाऊल टाकू नका!"

दार हातभर उघडले होते. आत्याने लांब नळीचा ऑक्सिजनमापक फटीतून आत सरकवला. बाहेर तो एकवीस टक्के दाखवत होता. आत त्याने दाखवले चार.

गावडेंनी दार लोटून घेतले. "दोन श्वासांत खाली पडलो असतंय," ते हळूच म्हणाले.

"पण ऑक्सिजन गेला कुठे?" शाल्मलीने विचारले.

"आत काय ठेवलंय?" आत्याने उलट विचारले.

शाल्मलीने नोंद वाचली, "जहाजाच्या नांगराच्या साखळ्या. लोखंडाच्या, ओल्या."

"मग ऑक्सिजन तिथेच आहे," आत्या म्हणाली. " हवेत ऑक्सिजनचे अणू जोडीजोडीने फिरतात. अशा जोडीला रेणू (एकत्र जोडलेल्या अणूंचा गट) म्हणतात. लोखंडाचे अणू मात्र ओळीत, एकमेकांना चिकटून बसलेले असतात. खारट ओलावा मिळाला की लोखंडाचे अणू आपले काही इलेक्ट्रॉन (अणूतले ऋणभारित कण) देऊन टाकतात आणि ऑक्सिजन ते घेतो. त्याची जोडी तुटते, लोखंडाची ओळही मोडते आणि नवी मांडणी तयार होते. दर दोन लोखंडांमागे तीन ऑक्सिजन आणि सोबत थोडं पाणी. हाच गंज."

"म्हणजे अणू नवे झाले नाहीत? संपलेही नाहीत?"

"एकही नाही. फक्त जागा आणि जोडीदार बदलले. साखळ्यांचं वजन केलंस, तर ते वाढलेलं दिसेल."

शाल्मलीने पडद्यावरचा आकडा पुन्हा पाहिला. "हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो. तो संपला, म्हणून आकडा एकोणऐंशीवर थांबला."

"बरोबर. उरलेल्या हवेत बहुतेक नायट्रोजन आहे. तो लोखंडाच्या वाटेला जात नाही. मापकाने दाखवलेले चार टक्के झडपेतून आत शिरलेल्या हवेचे."

पंख्याने तासभर ताजी हवा आत सोडल्यावर मापकाने एकवीस दाखवले. मगच गावडे आत गेले. बाहेर येताना त्यांच्या हातमोज्यांना तांबूस भुकटी लागली होती. ते शाल्मलीसमोर थांबले. "बाय, आज तुया माका वाचवलंस."

शाल्मलीने त्यांच्या हातमोज्यावरची भुकटी बोटावर घेतली.

"आत्या, यातला ऑक्सिजन परत काढता येईल?"

"येईल, पण सोपं नाही. अणूंना पुन्हा वेगळं करायला बाहेरून ऊर्जा द्यावी लागते, उष्णता किंवा वीज. मंगळावरची माती लाल आहे, कारण तिथेही लोखंडाने ऑक्सिजन असाच धरून ठेवलाय. तो सोडवायची यंत्रं आता बनू लागली आहेत."

शाल्मलीने बोटावरच्या भुकटीकडे पाहिले. मंगळावर एका माणसाला श्वास घ्यायला अशी किती माती लागेल, याचा ती हिशेब करू लागली.