एका तासाची देहनोंद

प्रयोगशाळेतल्या खुर्चीवर खराडे सर अवघडून बसले होते. अंगात बारीक तारा विणलेला काळा सदरा, पायांत तसलीच विजार. चोवीस वर्षं शिट्टी फुंकून पोरांना पळवणाऱ्या माणसाला असं जखडून बसणं मुळीच आवडलेलं नव्हतं.

"हा देहनोंदीचा सदरा," डॉ. नीलोफर मुजावर म्हणाल्या. "मुलाच्या स्नायूंत, श्वासात, पोटात जे झालं ते तुमच्या अंगात जसंच्या तसं उतरतं. चित्र नाही, आवाज नाही, विचारही नाहीत. फक्त अंग."

"म्हणजे दुखेल?"

"ऋजुताला दुखलं असेल तर दुखेल."

विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवायचं तर खेळाच्या शिक्षकाने आधी त्यांचा एक तास स्वतःच्या अंगावर घ्यायचा, असा नवा नियम होता. सरांच्या वाट्याला त्यांच्याच शाळेतली ऋजुता आली. आठवीतली, सेरेब्रल पाल्सीमुळे पाय ओढत चालणारी. खो-खोच्या संघात घ्या म्हणून तिने अर्ज केला होता. सरांनी त्यावर सही केली नव्हती, काळजीपोटी. दोन वर्षं ते तिला सावलीत खुर्ची देऊन गुण लिहायला बसवत होते आणि पालकसभेत त्याबद्दल टाळ्याही घेत होते.

नोंद सुरू झाली. मैदानाच्या पहिल्या फेरीत पिंढऱ्या वळल्या, गुडघा ठणकला, पण छाती अशी काही भरून आली की सरांना हसू फुटलं. दहाव्या मिनिटाला अंग खुर्चीत टेकलं. दुखणं थांबलं आणि पाठ ताठ झाली. खो मिळायची वाट बघणारी ती पाठ सर चांगली ओळखत होते. पाठ ताणली, टाचा रोवल्या. कुणाचा हात लागला नाही, सैल पडली. पुन्हा ताणली. उरलेला सगळा तास हेच.

सरांचे डोळे भरून आले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "द्या तो अर्ज, सही करतो."

"थांबा. त्या तासाला मैदानावर असाच सदरा तुमच्याही अंगात होता, आठवतं ना? तुमची नोंद ऋजुता शेजारच्या खोलीत घेते आहे. नियम दोघांनाही सारखाच."

सरांना जरा धीर आला. आपला जीव तिच्यासाठी किती तुटत होता, हे निदान तिला कळेल.

ऋजुता आत आली. ती रडली नव्हती.

"सर, मी पळत होते तेव्हा तुमच्या पोटात गोळा आला होता."

"येणारच गं. पडली असतीस तर?"

"दहाव्या मिनिटाला तुम्ही मला बसवलंत. मला वाटायचं, तेव्हा तुम्हालाही वाईट वाटत असेल." ती एक पाऊल पुढे आली. "पण तुम्हाला एकदम किती हलकं वाटलं, सर. मी शाळेत येत नाही, त्या दिवशी सकाळपासूनच तसं वाटतं का?"

सरांनी अर्ज ओढून घेतला आणि सही केली. तो तिच्या हातात देताना त्यांना मान वर करता आली नाही.