'नाइस'साठी दुसरीच

शब्दकोशाच्या कचेरीत नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी चुकून त्याच्या टेबलाशी जाऊन बसले. समोर एका इंग्रजी शब्दाचे अर्थ लिहिलेला कागद होता. वाचला, आणि दोन ओळी सरळ खोडल्या. त्याने वर बघितलं, हसला... आणि साहेबांना सांगून मलाच आपली तपासनीस करून घेतलं. आमच्याकडे रीतच तशी – एकाने अर्थ लिहायचे, दुसऱ्याने समोर बसून हुज्जत घालायची. वर्षभर मी मनसोक्त हुज्जत घातली. प्रेमात पडले ते वेगळंच.

मग 'नाइस' आला. एवढासा शब्द, पण काय त्याची वरात! लॅटिनमध्ये मूळ अर्थ 'अजाण', तिथून मूर्ख, मग लाजाळू, चोखंदळ, बारीक, आणि कुठे शेवटी छान. असला शब्द आम्हीच दोघांनी करायचा ना? पण त्याने साहेबांकडे तपासायला मागितली कोण, तर ती नवी, कुरळ्या केसांची!

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. दोघं खिडकीपाशी बसायचे. 'लाजाळू'वर आले की ती त्याच्याकडे बघून खिदळायची. त्यात खिदळण्यासारखं काय होतं, देव जाणे. वहिनीला सांगितलं, तर ती म्हणाली, जळतेस, दुसरं काही नाही. जळत होतेच. जळून कोळसा झाले होते.

शेवटी साहेबांना म्हटलं, मला दुसऱ्या विभागात टाका. संध्याकाळी तो जिन्यात आडवा आला.

"बदली मागितलीस?"

"तुला काय त्याचं? तुला मिळालीये की... नवी."

"ती माझं सगळं खोडते."

"मग मी काय शाबासक्या देत होते?"

"नाही. पण हल्ली तू काहीही म्हणालीस तरी मला पटायचं... चूक असलं तरी." तो कठड्याकडे बघत होता. "घरच्या माणसाने घरच्याचं काम तपासायचं नाही, असा नियम आहे ना इथे. म्हणून साहेबांना सांगून टाकलं... आणि तिलाही."

"आपण कुठे घरचे?"

"तेच तर विचारायचंय... होशील?"

म्हणजे साहेबांना माहीत, त्या कुरळीलाही माहीत, आणि मलाच शेवटी! तिला माझ्या आधी का सांगितलंस, यावर मी त्याच्याशी जन्मभर भांडणार होते. त्यासाठी आधी हो म्हणणं भाग होतं. म्हटलं.